दादरचा मुक्काम: चालत्या शाळेचे आठ दिवस

सोमवार

लांबच्या प्रवासातल्या कुटुंबाने मुंबईत सोमवारी उतरावं. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, दोन्ही सोमवारी बंद असतात, त्यामुळे लगेच बाहेर पडायचा मोहच होत नाही. हा मुक्काम जानेवारीच्या उत्तरार्धातला आहे, कोकणातून गुजरातकडे जाताना केलेला. मुलं दोन, धाकटं तिसरीच्या वयाचं, थोरलं सहावीच्या. दोघांचं शिक्षण घरचं, आणि घर म्हणजे सध्या विंचवाचं बिऱ्हाड.

जागा दादरला घ्यावी, स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पश्चिम आणि मध्य हे दोन्ही मार्ग इथे भेटतात, चौपाटी जवळ आहे, शिवाजी पार्क जवळ आहे, आणि संपलेली वही किंवा हरवलेला कर्कटक पाच मिनिटांत मिळतो. आठ दिवसांत दोनदा जागा बदलण्यापेक्षा एकाच जागेहून लोकलने जाणं मुलांना कमी दमवतं.

पोहोचल्या दिवशी शिकवायचं नाही. दमलेल्या मुलाला नव्या जागेत वहीसमोर बसवलं की रडारड होते, आणि ती जागा पुढचे सात दिवस रडारडीचीच राहते. त्याऐवजी त्या दिवशी फक्त बैठक लावायची. खिडकीजवळचं टेबल, उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून उजेड, पिशवीतलं सगळं सामान बाहेर. प्रत्येक मुलामागे अभ्यासाचं वजन ३ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्यात गणिताची चौकटींची वही आणि एक एकरेघी वही, कंपासपेटी, बाहेर उभ्याने लिहायला जाड पुठ्ठा आणि दोन चिमटे. दोघांत मिळून शिंप्याची दीड मीटरची टेप, १० मीटर सुतळी, होकायंत्र, भिंग आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत उतरवून घेता येतात, ती टॅबमध्ये ठेवायची. फक्त गणिताचं चालू प्रकरण कागदावर छापून घ्यायचं. गणित पडद्यावरून वहीत उतरवताना मुलं आकडे चुकवतात, मधली पायरी गाळतात, आणि चूक गणिताची की उतरवण्याची हे मग कळत नाही.

रोजच्या अभ्यासाचा गाभा सकाळी ८ ते १०: गणित ४० मिनिटं, मराठी लेखन ३०, वाचन ३०, मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या. हे बाहेर पडण्याआधीच व्हायला हवं. ‘संध्याकाळी आल्यावर करू’ म्हटलेला अभ्यास मुंबईत होत नाही, कारण परतीची लोकल मुलांची उरलीसुरली शक्ती काढून घेते. ‘फिरण्यातच सगळं शिक्षण होतं’ हे वाक्य या वाटेवर फार ऐकू येतं आणि त्याने मुलांचं नुकसान होतं. भूगोल, इतिहास, जीवशास्त्र रस्त्यावर उत्तम होतं. अपूर्णांक, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ रस्त्यावर होत नाही. ते टेबलाशी, रोज, थोडं थोडं आणि न चुकता करावं लागतं. सहा महिने फिरून आलेल्या मुलाची मराठी बोलण्यात कुठेच अडत नाही, लिहिताना मात्र लगेच अडते.

मंगळवार

अकराच्या आधी स्टेशनवर जायचं नाही. तोवर दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांत मोठ्यांनाच उभं राहायला जागा नसते. तिकीट काढताना लक्षात ठेवायचं की पाच वर्षांखालच्याला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वयाला अर्धं लागतं.

दादरहून सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, मुद्दाम स्लो लोकल घ्यायची. परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद आणि मग सीएसएमटी. धाकट्याने पाटीवरचं नाव देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांतून ओळखायचं आणि देवनागरीतलं वहीत उतरवायचं. थोरल्याने तक्ता भरायचा: स्टेशन, गाडी थांबली ती वेळ, सुटली ती वेळ, थांबा किती सेकंद. घरी आल्यावर त्यावरून दोन वेग काढायचे, एक थांब्यांसकट आणि एक थांबे वगळून. दादर ते सीएसएमटी साधारण ९ किलोमीटर धरलं तरी चालतं. सरासरी वेग म्हणजे नक्की कशाची सरासरी, हे या तक्त्यातून जसं कळतं तसं पुस्तकातल्या ‘एक आगगाडी’ छापाच्या उदाहरणातून कळत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे एकाच मुलाला घड्याळ बघायला आणि लिहायलाही लावणं. थांबा वीस-तीस सेकंदांचा असतो, तेवढ्यात दोन्ही होत नाही. एकाने वेळ मोठ्याने सांगायची, दुसऱ्याने लिहायची. बसायला जागा मिळाली तरच हे करायचं. दारात उभं राहून काहीही करायचं नाही.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली, अंतर ३४ किलोमीटर. सीएसएमटीचं आजचं भव्य स्थानक तेव्हा नव्हतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून ते १८७८ ते १८८८ या दशकात उभं राहिलं, आणि २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलं. आतल्या गर्दीत मुलांना काही दिसत नाही. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूच्या पदपथावर जावं. महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच आहे, त्यामुळे एकाच माणसाचं काम समोरासमोर बघता येतं. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ आहे. सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. ते कोणी, कुणासाठी आणि का बसवले, हा थोरल्याचा प्रश्न. धाकट्याने दगडातले प्राणी शोधायचे आणि त्यांतला एकच काढायचा. अख्खी इमारत काढायला सांगितली तर दहा मिनिटांत कागद चुरगळतो. एका प्राण्यावर मूल अर्धा तास रमतं.

चारच्या आत परत. पाचनंतर दादरला उतरताना मुलांचा हात सुटू शकतो.

बुधवार

गेटवेहून घारापुरी. आठवड्याच्या मधल्या दिवशी जायचं, शनिवार-रविवारी गुहेत निवांत उभं राहायला जागा नसते. पावसाळ्यात हवामान बिघडलं की या होड्या बंद ठेवतात. सकाळी नऊच्या सुमाराची होडी गाठायची म्हणून गाभा आज फक्त गणिताचा, सात ते सातचाळीस, आणि गेटवेला गर्दीच्या लोकलने न जाता टॅक्सीने जायचं.

लाँचला तासभर लागतो. होडीत लिहायचं किंवा वाचायचं नाही. खाली वहीकडे बघितलं की मळमळतं, क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं. सुटल्याची आणि पोहोचल्याची वेळ तेवढी लक्षात ठेवायची. अंतर साधारण १० किलोमीटर म्हणजे वेग ताशी १०च्या आसपास. तो नॉटमध्ये करायचा: १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, म्हणजे साडेपाचच्या जवळ उत्तर येतं. बेट मुंबईत नाही, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे. मुलांना नकाशावर जिल्ह्याची सीमा पाण्यातून जाताना दाखवावी, बहुतेकांना ते नवीन असतं.

धक्क्यापासून वर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. माकडं हातातली पिशवी आणि बाटली ओढतात, म्हणून खाऊ पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवायचा आणि लेण्याजवळ उघडायचा नाही.

मुख्य लेण्यात एकाच मूर्तीपुढे बसायचं, सदाशिवाच्या. तीन चेहरे दिसतात. धाकट्याला विचारायचं, ‘यातला रागावलेला कोणता? कशावरून ओळखलंस?’ किमान दोन खुणा सांगायला लावायच्या. उग्र चेहऱ्याच्या मिशा आणि हातातला साप मुलं लगेच पकडतात, समोरच्या शांत चेहऱ्याच्या पापण्या जरा उशिरा. थोरल्याने उंची काढायची. मूर्तीजवळ उभ्या असलेल्या घरच्याच कुणाची उंची माहीत असते. एक डोळा मिटून, हात ताठ धरून पेन्सिलीवर त्या माणसाची उंची अंगठ्याने मापायची, आणि ते माप मूर्तीत किती वेळा बसतं ते मोजायचं. उत्तर साडेपाच-सहा मीटरच्या घरात यायला हवं. फारच कमी आलं तर माणूस मूर्तीच्या बराच पुढे उभा होता असं समजावं. मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत आहे आणि उजेड उत्तरेच्या मुख्य दारातून तसाच दोन्ही बाजूंच्या दारांतून येतो. होकायंत्राने खात्री करताना ते भिंतीपासून दूर धरायचं, कारण या काळ्या खडकात चुंबकीय खनिज असतं आणि सुई भरकटते. ती मुद्दाम भरकटू द्यावी, मग कारण सांगावं.

‘एलिफंटा’ हे नाव पोर्तुगीजांनी इथल्या दगडी हत्तीवरून दिलं. हत्ती आता इथे नाही. मुलं तो शोधत राहतात. तो कुठे गेला हे आज सांगायचं नाही.

गुरुवार

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. ती बुधवारी बंद असते, म्हणून घारापुरी आधी आणि बाग नंतर. हा क्रम मात्र बदलू नये, कारण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या इमारतीबाहेर तोच दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला, आणि तुकडे जोडून १९१४ साली या बागेत उभा केला. मुलांनी सांधे स्वतः शोधावेत. काल ज्या बेटावर ‘हत्ती कुठाय?’ विचारलं, त्याचं उत्तर आज हाताच्या अंतरावर आहे. इतिहासाचा याहून चांगला धडा मुंबईत आम्हाला ठाऊक नाही.

मग झाडं. प्राण्यांपुढे गर्दी असते, झाडांखाली नसते, आणि ही मुळात वनस्पतींची बाग आहे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच गाठायची. सव्वा मीटर उंचीवर सुतळी गुंडाळायची, गाठ न मारता चिमट्याने पकडायची, मग जमिनीवर पसरून टेपने मोजायची. घेराला धाकट्याने ३ने भागावं, थोरल्याने ३.१४ने, आणि दोन उत्तरांत किती फरक पडला ते लिहावं. कुंपण असेल तर ते ओलांडायचं नाही, जवळचं दुसरं जाड झाड घ्यायचं.

उंचीसाठी चौरस कागद कर्णावर दुमडला की ४५ अंशांचा काटकोन त्रिकोण होतो. तळाची कडा आडवी धरून कर्णाच्या रेषेत शेंडा दिसेपर्यंत मागे जायचं. खोडापासूनचं अंतर अधिक डोळ्याची जमिनीपासूनची उंची, म्हणजे झाडाची उंची. डोळ्याची उंची मिळवायला जवळजवळ प्रत्येक मूल विसरतं. दोघांनी वेगवेगळं मोजून तुलना केली की ही चूक आपोआप सापडते, मोठ्यांना बोलावं लागत नाही.

परतताना दादरच्या मासळी बाजारात पंधरा मिनिटं. मोरीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, डोक्यामागे उघड्या कल्ल्यांच्या फटी दिसतात, सुरमईच्या कल्ल्यांवर झाकण असतं. मोरीचा सांगाडा कूर्चेचा, सुरमईचा हाडांचा. पापलेटला पोटाखालचे पर नसतात, ते मुलांनी शोधून पाहावं. वाटेत उभं राहून कोळिणीचा धंदा अडवायचा नाही, काहीतरी विकत घ्यायचं आणि मगच विचारायचं.

शुक्रवार

कान्हेरी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली बौद्ध लेणी. दादरहून बोरिवलीला सकाळी निघालं तर मुख्य गर्दी उलट दिशेला असते. उद्यानाच्या दारापासून लेणी सुमारे ६ किलोमीटर आत आहेत. आतल्या वाहनाने जावं. चालत जायचं ठरवलं तर लेणी बघण्याआधीच धाकटं बसकण मारतं. प्रत्येकी दीड लिटर पाणी न्यावं.

शंभराहून अधिक लेणी आहेत, सगळी बघायची नाहीत. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, आणि त्यानंतर पाण्याची टाकी, एवढंच पुरे.

आदल्या रात्री ब्राह्मीची चार अक्षरं शिकवून ठेवायची. क म्हणजे अधिकाचं चिन्ह, ग म्हणजे घराचं छप्पर, ट म्हणजे अर्धवर्तुळ, ठ म्हणजे पूर्ण वर्तुळ. आपला ठ आजही जवळजवळ तसाच गोल आहे, हे मुलांना फार आवडतं. चैत्यगृहाच्या लेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं नाव येतं. अख्खा लेख वाचता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. ‘यात अधिकाची चिन्हं किती?’ एवढंच विचारावं. भिंतीला हात लावायचा नाही, कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यायचा तर नाहीच.

कान्हेरीचं खरं वैभव पाण्याच्या व्यवस्थेत आहे, असं आमचं ठाम मत आहे. खडकाच्या उतारावर कोरलेल्या पन्हळी, लेण्यांपाशी कोरीव टाकं, एक भरलं की पाणी पुढे. लेखांत या टाक्यांना पोढी म्हटलं आहे. थोरल्याने हिशेब करायचा: १० मीटर बाय १० मीटर खडकाचा उतार, मुंबईचा वर्षाचा पाऊस साधारण २,२०० मिलिमीटर. १०० चौरस मीटर गुणिले २.२ मीटर म्हणजे २२० घनमीटर, म्हणजे २ लाख २० हजार लिटर. निम्मं वाहून गेलं आणि उडून गेलं असं धरलं तरी १ लाख १० हजार उरतात. एका माणसाला रोज २० लिटर धरले तर किती भिक्षूंना वर्षभर पुरेल? पंधरा. मिलिमीटरचं मीटर करताना शून्य चुकतं, ते इथे पकडायचं. उत्तर दीडशे आलं किंवा दीड आलं तर मूल स्वतःच थबकतं, कारण समोर टाकं दिसत असतं.

याच डोंगरांच्या कुशीत विहार तलाव १८६० साली झाला आणि तुळशी १८७९ साली. मुंबईच्या नळाचं पाणी अडवायला याच डोंगरात यावं लागलं. नकाशात कान्हेरी, विहार आणि तुळशी एकाच बोटाखाली येतात.

या दिवशी लेखनाचा गाभा बुडतो. तो रविवारी भरून काढायचा नाही. बुडाला तो बुडाला. थकबाकी साचवली की मुलं अभ्यासाला कर्ज समजतात.

शनिवार

गाभा पूर्ण, मग गच्ची. ३० सेंटीमीटरची सरळ काठी मातीच्या कुंडीत उभी करायची, ओळंब्याने तपासायची. खाली पुठ्ठा. बाराच्या आधी सावलीच्या टोकावर खूण, आणि काठीच्या बुडाभोवती तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ. सावली आखडत जाते, मग पुन्हा लांबते. टोक वर्तुळाला परत टेकलं की दुसरी खूण. दोन वेळांच्या मधोमध खरी दुपार, आणि दोन खुणांच्या मधोमध जाणारी रेषा उत्तर-दक्षिण. ‘सर्वांत आखूड सावली शोधा’ हा पुस्तकी मार्ग फसतो, कारण दुपारच्या आसपास दहा-पंधरा मिनिटं सावलीची लांबी जवळजवळ बदलतच नाही.

उत्तर १२.५०च्या आसपास येतं आणि मुलांना वाटतं आपलं चुकलं. चुकलेलं नसतं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणून सुमारे ३९ मिनिटांचा फरक. १९०६ साली प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली जुनी वेळ बरीच वर्षं सोडली नव्हती. उरलेली बारा-एक मिनिटं पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे. धाकट्याला ३९पर्यंतच सांगावं.

संध्याकाळी दादर चौपाटी. कोकणातला जुना हिशेब मुलांना द्यायचा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती, म्हणजे ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाला. उधाणाला पाणी लांब जातं आणि लांब येतं, अष्टमीच्या भांगाला हालचाल कमी. लाट जिथवर पोहोचते तिथे दर १५ मिनिटांनी काडी रोवायची आणि टेपने काड्यांमधलं अंतर घ्यायचं. अंतरं सारखी येत नाहीत. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी साधारण १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्श्यांनी चढतं किंवा उतरतं. ४ मीटरचा फरक असेल तर मधल्या दोन तासांत प्रत्येकी १ मीटर. घोट्यापलीकडे पाण्यात जायचं नाही. छापील वेळेशी पडताळून पाहिलं की पाऊणपटीचा हिशेब थोडा मागे पडतो. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणपट ४५च धरते. हा फरक थोरल्याने स्वतः काढावा.

रविवार

रेल्वेमार्गांवर दुरुस्तीसाठी बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणून लोकलने कुठे जायचं नाही. शिवाजी पार्कावर खेळायचं. वही उघडायची नाही.

सोमवार

कागदांचा दिवस. प्रवासात याच कामाची सर्वांत जास्त हेळसांड होते.

शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू १ एप्रिल २०१०पासून, वय ६ ते १४. त्यात घरच्या शिक्षणाचा उल्लेख नाही. मुलाला शाळेत घालणं हे कलम १०ने पालकांचं कर्तव्य ठरवलं आहे, हे माहीत ठेवूनच निर्णय घ्यावा. कलम ४प्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळू शकतो. परतीची वाट खुली असते, पण जन्मदाखला, आधीच्या शाळेचा सोडल्याचा दाखला आणि मुलाने काय काय केलं याची नोंद हाताशी असली तर प्रवेश सोपा जातो.

नोंद म्हणजे आठवड्याचं एक पान. तारीख, ठिकाण, गणितातला घटक, लेखनाचा एक नमुना, एक चूक जी पुन्हा पुन्हा होते आहे. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. या आठवड्यात ‘आणि’ आणि ‘पाणी’ यांतली वेलांटी चुकत असेल तर पुढच्या आठवड्याच्या शुद्धलेखनात तेवढंच घ्यायचं. भरलेल्या वह्यांचे फोटो काढून मूळ वह्या स्पीड पोस्टाने घरी पाठवायच्या. पिशवीतली भरलेली वही भिजते, आणि वजनही तीच वाढवते.

थोरल्याची दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून करायची तर परीक्षेच्या सत्रासाठी १४ वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय, त्यांत किमान एक भाषा. माध्यम मराठी घेता येतं. परीक्षा एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास, आणि विषय तुकड्यातुकड्यांनी सोडवायला पाच वर्षांत नऊ संधी. प्रवासी कुटुंबाची चूक होते ती केंद्र निवडताना. ज्या गावाहून निघालो तिथलं केंद्र घेतलं जातं, आणि प्रात्यक्षिकाच्या आठवड्यात कुटुंब हजार किलोमीटरवर असतं. एप्रिलच्या परीक्षेची नोंदणी आदल्या वर्षी होते, म्हणून पुढच्या वर्षीचा मार्च-एप्रिल कुठे घालवायचा हे आधी ठरवावं, मग अर्ज भरावा. गृहपाठाच्या उत्तरपत्रिकांना गुण असतात, त्यांची मुदत घराच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.

दुपारी सामान. काठी आणि पुठ्ठा वरच ठेवायचा. पुढचा मुक्काम द्वारकेचा, रेखांश सुमारे ६९ अंश. तिथली दुपार फक्त रेखांशामुळे प्रमाणवेळेच्या किती मागे, हे थोरल्याने गाडी सुटण्याआधी वहीत लिहून ठेवायचं: साडेतेरा गुणिले चार, चोपन्न मिनिटं.